लेखकाला ऐकायचं तिकीट

पुस्तकाच्या दुकानात लेखक वाचायला आणि बोलायला येणार असेल, तर त्या कार्यक्रमाला तिकीट असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर रुपये असो, दीडशे असो. त्या संध्याकाळी पुस्तक घेतलं तर ते बिलातून वजा करावं, पण तिकीट असावं. असं म्हटलं की प्रतिक्रिया ठरलेली असते: 'आता साहित्याचाही बाजार मांडायचा का?' हे विचारणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. व्याख्यान सर्वांसाठी खुलं असावं, हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे गावोगावी अशा व्याख्यानमालांनी कितीतरी पिढ्या शहाण्या केल्या. पण व्याख्यानमालेमागे संस्था असते, देणगीदार असतात, सभागृह असतं. दुकानामागे एखादं कुटुंब असतं, जागेचं भाडं असतं, आणि पुस्तकं विकली जावोत न जावोत, चुकवावी लागणारी प्रकाशकांची बिलं असतात. दोघांनाही एकच नियम लावणं हा दुकानावर अन्याय आहे.

साधा हिशेब मांडून पाहू. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे आणि दुकानाला त्यावर ३० टक्के कमिशन मिळतं. म्हणजे एका प्रतीमागे ९० रुपये. कार्यक्रमाला आलेल्यांना १० टक्के सवलत द्यायची, ही आता रीतच पडली आहे. ३० रुपये तिथे गेले, उरले ६०. चाळीस माणसं आली आणि त्यांतल्या दहा जणांनी पुस्तक घेतलं, तर दुकानाच्या हाती आले ६०० रुपये. खुर्च्या मांडववाल्याकडून आणलेल्या, माईक भाड्याचा, चहा-बिस्किटं सगळ्यांना. लेखक बाहेरगावचा असेल तर त्याचं जेवणखाण आणि जाण्यायेण्याची सोय. शिवाय मधली कपाटं भिंतीला सरकवायची म्हणून दुपारी चारपासूनच नेहमीची विक्री थांबलेली, आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ म्हणजे विक्रीची खरी वेळ. लेखकाचं गणित याहून वाईट. १० टक्के रॉयल्टी धरली तर दहा प्रतींचे ३०० रुपये, आणि तेही प्रकाशकाचा वार्षिक हिशेब होईल तेव्हा. मानधनाचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही. लेखकाला वाचक भेटले, हेच त्याचं मानधन, असं सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलेलं असतं.

असे कार्यक्रम दुकानं तरीही करतात. कारण चांगल्या विक्रेत्याला पुस्तक नुसतं विकण्यात समाधान नसतं. आपल्याकडे हे नवीनही नाही. गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी 'ललित' हे मासिक १९६४ मध्ये काढलं, ते मुख्यतः नवी पुस्तकं आणि त्यांचे लेखक वाचकांपर्यंत नेण्यासाठी. पुढे 'मॅजेस्टिक गप्पा' पुण्यात आणि पार्ल्यात रुजल्या. पुस्तकविक्रीच्या व्यवसायातून आलेल्या नावाखाली लेखकांच्या मुलाखती होतात आणि त्या ऐकायला माणसं वेळ काढून येतात, हे मराठी वाचकाने अनेक वर्षं पाहिलं आहे. उत्साह आहे, परंपराही आहे. प्रश्न आहे तो खर्च कोणी उचलायचा एवढाच, आणि आजवर तो आपण विक्रेत्यावर ढकलत आलो आहोत.

पुण्यातल्या एका पेठेतल्या दुकानात अशाच एका संध्याकाळी मी मागच्या रांगेत बसले होते. खानदेशातल्या एका लेखिकेने कादंबरीतली चार-पाच पानं वाचली. त्यांत सासू-सुनेचं अहिराणीतलं भांडण होतं. पुस्तक आधी चाळलेल्या काही जणांनी मला सांगितलं होतं की तो भाग वाचताना अडखळायला होतं. लेखिका वाचू लागली तेव्हा कोणीच अडखळलं नाही. सूर चढला की कळत होतं, टोमणा कुठे आहे ते कळत होतं, सुनेने उत्तर न देता चूल फुंकायला घेतली तेव्हा दोन बायका एकदम हसल्या. वाचन संपल्यावर एका काकांनी विचारलं, 'भांडणात सुनेची बाजू तुम्ही लिहिलीच नाहीत, ती मुद्दाम का?' लेखिका क्षणभर थांबली आणि म्हणाली की पहिल्या खर्ड्यात ती होती, मग काढली. का काढली, हे तिने पंधरा मिनिटं सांगितलं. कादंबरी कशी लिहिली जाते, काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कसं ठरतं, याबद्दल मी इतकं नेमकं क्वचितच ऐकलं आहे. तीनशे माणसांच्या सभागृहात त्या काकांनी हात वर केलाच नसता.

त्याच संध्याकाळी माझ्या शेजारच्या तरुणाने मुखपृष्ठाचा फोटो काढला, मोबाइलवर पुस्तक शोधलं आणि दुकानात बसल्या बसल्याच दुसरीकडून मागवलं. पन्नास-साठ रुपये वाचले असतील. चार हातांवर काउंटरला विक्रेत्याची बायको बिलं करत होती, पायाशी नुकतंच फोडलेलं खोकं होतं, त्यात वीस-पंचवीस प्रती तशाच पडून होत्या. त्या तरुणाला मी दोष देत नाही. तो मन लावून ऐकत होता, प्रश्नही त्याने चांगला विचारला. या संध्याकाळीला खर्च येतो आणि तो कोणीतरी करतंय, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. जे फुकट मिळतं त्याची किंमत आधीच कुणीतरी भरलेली असेल, असं सगळे गृहीत धरतात. दारातच शंभर रुपयांची पावती घेतली असती आणि ती पुस्तकाच्या बिलातून वजा होणार असती, तर त्याचे पन्नास-साठ रुपये वाचलेच नसते आणि ते पुस्तक तिथूनच घरी गेलं असतं.

पैशांचा हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो, पण माझ्या आग्रहाचं मोठं कारण वेगळं आहे. कार्यक्रमाचे पैसे जो देतो, वक्ता कोण हे अखेर तोच ठरवतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला झालेल्या ९२व्या साहित्य संमेलनात हे आपण पाहिलं. उद्घाटक म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. विरोधाचे इशारे आले आणि निमंत्रण मागे घेण्यात आलं. त्यांचं न झालेलं भाषण नंतर मराठीत छापून आलं आणि ठिकठिकाणी लोकांनी ते वाचलं. संमेलनाच्या आयोजकांना मी इथे धारेवर धरत नाही. एवढा मोठा मांडव उभा करायचा तर सरकारी अनुदान, स्थानिक पुढारी, शिक्षणसंस्था, बंदोबस्त सगळंच लागतं, आणि या प्रत्येकाची मर्जी सांभाळावी लागते. लहान साहित्य महोत्सवांतही हेच घडतं, फक्त तिथे मर्जी बांधकाम व्यावसायिकाची किंवा पतपेढीच्या अध्यक्षांची असते. व्यासपीठामागच्या फलकावर ज्यांची नावं मोठी असतात, त्यांना न आवडणारा लेखक सहसा त्या व्यासपीठावर दिसत नाही. कुणी उघड नकार देत नाही. यादी करतानाच तो गळतो.

स्वतंत्र दुकानाला हे बंधन नसतं. तिथे कुणाला बोलवायचं हे मालक ठरवतो आणि ते त्याच्या वाचनावरून ठरतं. पण हे स्वातंत्र्य टिकण्यासाठी कार्यक्रमाचा खर्च कार्यक्रमातूनच निघायला हवा. तो निघत नाही म्हटल्यावर एखादा प्रायोजक पुढे येतो. पहिल्या वर्षी तो काहीच मागत नाही. दुसऱ्या वर्षी आपल्या ओळखीच्या एका कवीचं नाव सुचवतो. प्रत्येक वाचकाचे शंभर रुपये आले तर त्यांतला एकही जण एकटा उठून वक्ता बदलायला सांगू शकत नाही.

वाचकांच्या वर्गणीवर दुकान तगल्याचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी १९१९ मध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे इंग्रजी पुस्तकांचं दुकान सुरू केलं. जेम्स जॉइसची 'युलिसिस' छापायला कोणी धजत नव्हतं, ती त्यांनी १९२२ मध्ये प्रकाशित केली. १९३०च्या दशकातल्या मंदीत पॅरिसमधले अमेरिकन घरी परतले, गिऱ्हाईक आटलं आणि दुकान बंद करायची वेळ आली. फ्रेंच सरकारकडून मदत मिळावी अशी खटपट लेखकांनी केली, पण दुकानाची मालकीण परदेशी असल्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा आंद्रे जीद यांनी पुढाकार घेतला आणि दुकानाच्या मित्रांचं एक मंडळ काढलं. वर्षाला २०० फ्रँक वर्गणी आणि सभासद साधारण दोनशेच, कारण त्या लहानशा दुकानात त्याहून जास्त माणसं मावतच नव्हती. वर्गणीदारांना दुकानात बसून लेखकांचं वाचन ऐकायला मिळायचं. जीद स्वतः वाचायला बसले, पॉल व्हालेरी वाचून गेले, टी. एस. एलियट लंडनहून आले. सभांमध्ये बोलणं टाळणारे हेमिंग्वेही १९३७ मध्ये तिथे वाचायला उभे राहिले. जर्मनांनी पॅरिस घेतल्यानंतर १९४१ मध्ये दुकान बंद झालं, पण मंदीतून ते तगलं त्यात या वर्गणीचा वाटा मोठा होता. त्या काळातल्या थोर लेखकांना आपल्या वाचनाला पैसे घेतले जातात याची लाज वाटली नाही. आपण ज्या दुकानाच्या आधारावर उभे आहोत ते वाचवण्यासाठी आपला आवाज कामी येतोय, याचा त्यांना आनंद होता.

आपल्याकडे सत्तरच्या दशकात ग्रंथाली वाचक चळवळीने याच दिशेने विचार केला होता. वाचकाने सभासद व्हायचं, पैसे आधी द्यायचे आणि त्या बळावर पुस्तकं काढायची. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये ग्रंथालीने काढलं. मराठी साहित्याचा चेहरा बदलणारी ही पुस्तकं वाचकाच्या आगाऊ पैशांवर उभ्या असलेल्या यंत्रणेतून आली, हे मला फार मोलाचं वाटतं. मराठी माणूस पुस्तकासाठी पैसे सोडत नाही, असं जे सरसकट बोललं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. नाटकाला आपण चारशे-पाचशेचं तिकीट काढतोच. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ'चे प्रयोग तिकीट लावून केले. एकटा लेखक रंगमंचावर उभा राहून स्वतःचं पुस्तक सादर करतोय आणि लोक रांग लावून तिकीट घेतायत, हे महाराष्ट्राने साठ वर्षांपूर्वीच पाहिलं आहे. लेखकाचं पुस्तक त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी पैसे देणं ही काही परक्या मुलखातून आलेली कल्पना नाही.

तिकीट लावलं की दुकानावर आणि लेखकावरही जबाबदारी येते, आणि तेही मला हवंच आहे. आपल्या पुस्तक प्रकाशनाच्या समारंभांनी वाचकाला जितकं दूर ढकललं तितकं मोबाइलनेही ढकललं नसेल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, रंगीत कागदातून पुस्तकं सोडवून कॅमेऱ्यासमोर धरणं, मग अध्यक्षांचं भाषण. अध्यक्षांनी पुस्तक वाचलेलं नाही हे दुसऱ्या वाक्याला कळतं. लेखक बोलायला उभा राहतो तेव्हा घड्याळात साडेआठ वाजलेले असतात आणि लोकांचं लक्ष बाहेरच्या वड्यांच्या वासाकडे गेलेलं असतं. पैसे देऊन आलेला वाचक हे सोसणार नाही, आणि सोसूही नये. सहाचा कार्यक्रम सहाला सुरू व्हावा. प्रश्न विचारणाऱ्याने पुस्तक संपूर्ण वाचलेलं असावं. लेखकाने कोणती पानं वाचायची ते घरी ठरवून, मोठ्याने वाचून, वेळ लावून यावं, कारण चांगलं लिहिणारा माणूस चांगलं वाचतोच असं नाही, पण तयारीने येणारा बहुतेक वेळा निभावून नेतो. श्रोत्यांच्या प्रश्नांना निदान निम्मा वेळ असावा. दुकानात व्यासपीठाला जागा नसते, हा दुकानाचा मोठा गुण आहे. लेखक आणि वाचक एकाच पातळीवर, हातभर अंतरावर बसतात.

आता विद्यार्थ्यांचं काय? या आक्षेपापुढे मी थांबते, कारण तो खरा आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी जी मुलं राहतात, त्यांच्यापैकी अनेकांची महिन्याची खानावळच कशीबशी निघते. त्यांना शंभर रुपये जड जातात. मग प्रत्येक कार्यक्रमाला सात-आठ जागा अशांसाठी राखून ठेवाव्यात. ओळखपत्र न मागता, कारण न विचारता आत घ्यावं. ज्यांना परवडतं त्यांनी तिकीट काढलं तरच हे दुकानाला परवडेल. आज परवडणारा आणि न परवडणारा दोघेही फुकट बसतात आणि भार विक्रेता वाहतो. सर्वांसाठी मोफत कार्यक्रम व्हायलाच हवेत, पण ती जबाबदारी ग्रंथालयांची आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं सुमारे ११ हजार आहेत. जिल्ह्याच्या ग्रंथालयाने महिन्यातून एकदा लेखक बोलवावा, त्याला मानधन द्यावं, आणि कार्यक्रमाची पुस्तकं गावातल्याच विक्रेत्याकडून घ्यावीत. तालुक्याच्या ठिकाणी तर पुस्तकाचं दुकान म्हणजे जूनमध्ये वह्या-पाठ्यपुस्तकं आणि एरवी गाइड विकणारं दुकान. तिथल्या विक्रेत्याला एखादी कादंबरी ठेवायचं धाडस अशाच मागणीतून येईल.

प्रकाशकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, आणि ते थोडे कडक आहेत. पुस्तक येण्याआधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकाशनपूर्व सवलत म्हणून ३०-४० टक्के कमी किमतीत विकायचं, आणि मग दुकानदाराला फोन करून म्हणायचं की आमच्या लेखकाचा कार्यक्रम तुमच्याकडे ठेवा, ही वागणूक न्यायाची नाही. ज्यांना ते पुस्तक हवंच होतं त्यांनी ते आधीच स्वस्तात घेतलेलं असतं. दुकानात येतात ते सही घ्यायला, पिशवीतून प्रत आणून. दुकानाने जागा द्यायची, वेळ द्यायचा, खुर्च्या मांडायच्या, आणि विक्री प्रकाशकाने आधीच करून टाकलेली. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा करून पुस्तकाच्या छापील किमतीवर ५ टक्क्यांहून जास्त सवलत द्यायला बंदी घातली. मोठी साखळी दुकानं असोत की कोपऱ्यावरचं लहान दुकान, किंमत सगळीकडे जवळजवळ सारखी. तिथली छोटी दुकानं टिकण्यामागे हे मोठं कारण मानलं जातं. असा कायदा आपल्याकडे लगेच येईल असं मला वाटत नाही. पण ज्या पुस्तकाचा कार्यक्रम दुकानात ठेवायचा आहे, ते कार्यक्रमापर्यंत आणि नंतरचा महिनाभर आपण स्वतः दुकानापेक्षा स्वस्त विकणार नाही, एवढा शब्द प्रकाशक आजही देऊ शकतात. त्यासाठी कुठल्या कायद्याची गरज नाही. कार्यक्रमाच्या प्रती ठेव म्हणून द्याव्यात, न विकलेल्या परत घ्याव्यात, आणि लेखकाच्या प्रवासाचा खर्च प्रकाशकाने उचलावा.

दुकानं बंद पडल्यावर आपण हळहळतो. पुण्यातल्या कॅम्पातलं मॅनीज २०१२ मध्ये गेलं. मुंबईच्या फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉल, टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं, फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं. तेव्हा किती सुंदर लेख आले, किती जणांनी शानभागांनी हाती दिलेल्या पहिल्या पुस्तकाच्या आठवणी लिहिल्या. त्या आठवणी खऱ्या होत्या आणि ते प्रेमही खरं होतं. माझं म्हणणं इतकंच की दुकान चालू असताना त्या प्रेमाला गल्ल्यापर्यंत पोचायची वाट करून द्यायला हवी. फोर्टमध्येच २०११ मध्ये उघडलेलं किताबखाना सोमय्या भवनात आहे आणि ते सोमय्या कुटुंबानेच सुरू केलेलं आहे. २०२० च्या आगीनंतर ते पुन्हा उभं राहिलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण असा भक्कम आधार प्रत्येक दुकानाच्या नशिबी नसतो. ज्यांना दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यावं लागतं त्यांच्यासाठी दुसरा मार्ग शोधावाच लागेल.

सुरुवात करायला दिवाळीचा महिना सर्वांत चांगला. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून अंक चाळायला दुकानात जाणं ही आपल्याकडची सवय आहे, आणि त्या दिवसांत एरवी न फिरकणारी माणसंही दुकानात येतात. अंकात कथा किंवा लेख लिहिलेल्या दोघा-तिघांना एका संध्याकाळी बोलवावं. शंभर रुपयांचं तिकीट लावावं, अंक घेणाऱ्याच्या बिलातून ते वजा करावं. लेखकांना त्याच संध्याकाळी पाकिटातून मानधन द्यावं, रक्कम लहान असली तरी चालेल. त्या दिवशी सवलत नाही, असा कागद दारावर लावावा. पंधरा माणसं आली तर पंधरा. पुढच्या महिन्यात पुन्हा एक संध्याकाळ ठेवावी, आणि पहिल्या दिवशी आलेल्या पंधरा जणांना फोन करून त्यांना कुणाला ऐकायचंय ते विचारावं.